टेकडीवरचं हाड किती जुनं?

वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी निघणाऱ्या निसर्गफेऱ्यांना मी अधूनमधून जाते. पक्षी ओळखणारे असतात, गवतं ओळखणारे असतात. मी जाते ती 'हाडवाली ताई' म्हणून. पीएचडीचा विषय हाडांवरच्या खुणा असला की हे नाव आपोआप चिकटतं. गेल्या महिन्यातल्या फेरीत खाणीच्या अलीकडे, घाणेरीच्या जाळीतून सातवीतला एक मुलगा एक हाड घेऊन बाहेर आला. त्यानं ते दोन्ही हातांत धरलं होतं, जणू फुटेल. मग प्रश्न सुरू झाले. टेकडीवर हाड सापडलं की प्रश्न नेहमी याच क्रमानं येतात: माणसाचं आहे का? डायनोसॉरचं आहे का? किती जुनं आहे?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. ते पुढच्या पायाच्या नळीचं हाड होतं. त्याच्या खालच्या टोकाला कप्पीसारखे दोन गोल असतात आणि समोरून उभी बारीक खाच जाते. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, हरीण या सगळ्यांमध्ये तळपायाची दोन हाडं जुळून एक झालेली असतात, ती खाच म्हणजे त्या जोडाची खूण. माणसात असं हाडच नसतं. जाडी पाहून हे शेळीचं नाही, गाईचं किंवा बैलाचं, हे सांगता आलं. एका कडेला जवळजवळ, समांतर, सपाट चर होते. ते साळिंदराच्या दातांचे. साळिंदर हाडं ओढून बिळापाशी नेतं आणि कुरतडतं. त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतं, शिवाय आयुष्यभर वाढत राहणारे पुढचे दात झिजतात. त्यामुळे टेकडीवर एका जागी चार-पाच हाडं दिसली तर 'इथं काहीतरी घडलंय' असं लगेच समजू नका. बहुतेक वेळा ते एखाद्या साळिंदराचं साठवण असतं.

डायनोसॉरबद्दल मला दर वेळी मुलांची निराशा करावी लागते. आपण ज्यावर उभे असतो तो बेसॉल्ट आहे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. काळ डायनोसॉरांच्या शेवटाचाच, पण तापलेल्या लाव्ह्यात हाडं टिकत नाहीत. महाराष्ट्रातले डायनोसॉर पाहायचे तर चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला जावं लागतं. तिथं लाव्ह्याखालच्या गाळाच्या थरात हाडं आहेत आणि दगड झालेली विष्ठाही आहे. त्याच विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण सापडल्याचं २००५ मध्ये 'सायन्स'मध्ये छापून आलं आणि 'डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतं' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य बदलावं लागलं. टेकडीवर 'अंडी' म्हणून दाखवले जातात ते गोल दगड मात्र अंडी नव्हेत. बेसॉल्टला भेगा पडतात, पाणी शिरतं, कोपरे आधी झिजतात आणि कांद्यासारखे पापुद्रे सुटत आत गोळा उरतो.

तिसरा प्रश्न खरा कठीण. 'किती जुनं?' याला मी म्हटलं, "चार-पाच वर्षं असेल." त्या मुलाचा चेहरा पडला. त्याला हजारात तरी उत्तर हवं होतं.

हा अंदाज कुठून आला ते सांगते. उघड्यावर पडलेलं हाड ठरावीक क्रमानं बिघडतं. आधी चिकटपणा आणि वास जातो, मग लांबीच्या दिशेनं भेगा पडतात, मग वरचा थर पापुद्र्यासारखा सुटतो, शेवटी काड्या-काड्या होतात. केनियातल्या अंबोसेलीत मेलेल्या जनावरांचे सांगाडे पाहून ॲना बेहरेन्समायर यांनी १९७८ मध्ये याच्या शून्य ते पाच अशा पायऱ्या मांडल्या. आमच्या हाडाला भेगा होत्या आणि पापुद्रे नुकते सुटू लागले होते, म्हणजे दुसरी पायरी. अंबोसेलीत तिथपर्यंत यायला साधारण दोन ते सहा वर्षं लागतात. पण अंबोसेली म्हणजे पुणे नव्हे. इथं चार महिने पाऊस, मग ऊन, त्यात वणवे आणि भटकी कुत्री. म्हणून माझ्या उत्तरातला 'असेल' हा शब्द महत्त्वाचा आहे.

त्या मुलाचा प्रश्न महाराष्ट्रात दीडशेहून अधिक वर्षं विचारला जातोय, आणि तोही मोठमोठ्या लोकांकडून. टेकडीवर नाही, नदीकाठी. टेकडीवरचं हाड टिकत नाही. माती पातळ, उतार तीव्र, वर ऊन. नदीकाठी मात्र पूर येतो, गाळ बसतो, हाड झाकलं जातं. गाळातल्या पाण्यातून चुना उतरतो आणि गोट्यांचा थर काँक्रीटसारखा आवळून बसतो. हजारो वर्षांनी नदी तोच थर बाजूनं कापते, आणि काठाच्या कड्यातून एखादा दात डोकावतो.

१८५९ मध्ये फ्रान्समधल्या सोम नदीकाठी माणसानं घडवलेली दगडी हत्यारं आणि नामशेष प्राण्यांची हाडं एकाच थरात असल्याचं इंग्रज भूवैज्ञानिकांनी जाऊन पाहिलं आणि मान्य केलं. माणूस काही हजार वर्षांपेक्षा बराच जुना आहे, हे त्यातून पुढे आलं. १८६३ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट यांना मद्रासजवळ पल्लावरमला दगडी हत्यार मिळालं, पण त्याच्याबरोबर हाडं नव्हती. हाडांची जोड मिळाली ती आपल्याकडे. पैठणच्या पलीकडे गोदावरीकाठी मुंगी हे गाव आहे. त्या भागातल्या हाडं असलेल्या वाळू-गोट्यांच्या थरात भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या वाइन यांना अकीकाचा एक छिलका मिळाला. छिलका म्हणजे गारेवर नेमका घाव घालून काढलेला धारदार तुकडा. आपोआप फुटलेल्या दगडावर घावाचा तसा फुगवटा सहसा येत नाही.

१८६८ मध्ये सर्वेक्षणाच्या 'रेकॉर्ड्स'च्या पहिल्याच खंडात थॉमस ओल्डहॅम यांनी या छिलक्यावर टिपण लिहिलं. त्याच्या शीर्षकात थराचं वय 'प्लायोसीन' असं दिलंय आणि पुढे कंसात प्रश्नचिन्ह आहे. एवढ्या मोठ्या संस्थेचा प्रमुख शीर्षकात प्रश्नचिन्ह घालतो, हे मला फार आवडतं. हल्लीच्या शोधनिबंधांत अशी हिंमत कमी दिसते. (माझ्या स्वतःच्या सिनॉप्सिसमध्येही नाही.) ओल्डहॅम यांची शंका रास्त होती. ते थर प्लायोसीनइतके जुने नाहीत, हे आता आपल्याला माहीत आहे.

पुढची मोठी नोंद नांदूर मधमेश्वरची. निफाड तालुक्यातलं हे ठिकाण आज पक्षी पाहणाऱ्यांना पाठ आहे. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं. फ्लेमिंगोचे फोटो काढायला जाणाऱ्यांपैकी किती जणांना माहीत असेल की त्याच गोदावरीच्या गाळातून एका प्रचंड हत्तीचे अवशेष निघाले होते? गाय पिल्ग्रिम यांनी १९०५ मध्ये त्यावर लिहिलं. आज या हत्तीला पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस म्हणतात, नर्मदेवरून. जमिनीवर चाललेल्या सर्वांत मोठ्या सस्तन प्राण्यांपैकी हा एक. गोदावरी-प्रवरा-मांजरा खोऱ्यांत याच्या जोडीला रानटी बैल आणि पाणघोडे होते. लातूरच्या बाजूला पाणघोडा, ही कल्पनाच करून बघा. जळगाव जिल्ह्यातल्या पाटण्याला तर शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, आणि त्यातल्या एकावर माणसानं कोरलेली नक्षी आहे. ती सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीची.

पुण्यात या कामाला घर मिळालं ते डेक्कन कॉलेजमध्ये. १९३९ मध्ये तिथं संशोधन संस्था सुरू झाली आणि हसमुख सांकलिया आले. १९५० च्या दशकात त्यांनी नेवाशाला प्रवरेच्या काठी थर तपासले. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली तेच नेवासं. तिथल्या थरांत प्राण्यांचे जीवाश्म आणि अश्मयुगीन हत्यारं दोन्ही होती, आणि त्यांचा लेख १९५६ मध्ये 'एन्शंट इंडिया'त आला. पुण्याच्या पोटातही असे थर आहेत. मुठेकाठी दत्तवाडीला अश्मयुगीन हत्यारं मिळालीत. शरद राजगुरूंनी मुळा-मुठेच्या याच गाळावर १९७० मध्ये पीएचडी केली. आज दत्तवाडीत उभं राहून त्या थराची कल्पना करायची म्हणजे भिंती, टपऱ्या आणि नदीपात्रातला राडारोडा डोळ्यांआड करावा लागतो.

आता अडचण बघा. थरात हत्तीचा दात आहे, शेजारी हत्यार आहे. म्हणजे माणूस आणि हत्ती एकाच काळात होते? नदी तसं सांगत नाही. नदी वरच्या अंगाचा जुना थर फोडते, त्यातलं हाड उचलते, खाली आणून नव्या गोट्यांत टाकते. काळ्या मातीची गंमत वेगळीच: उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात आणि वरचं सामान आत घसरतं. शेजारी सापडणं म्हणजे समकालीन असणं नव्हे.

यावर एक जुना उपाय आहे, फ्लोरिनचा. हाड जमिनीत पडलं की भूजलातलं फ्लोरिन हळूहळू हाडातल्या खनिजात शिरतं. एकाच थरातली, एकाच काळातली हाडं साधारण सारखंच फ्लोरिन घेतात; बाहेरून आलेलं हाड वेगळं पडतं. इंग्लंडमधल्या 'पिल्टडाउन माणसा'ची लबाडी उघडी पडायला सुरुवात झाली ती केनेथ ओकली यांच्या याच चाचणीमुळे, आणि १९५३ मध्ये तिचा निकाल लागला. आपल्याकडे बदाम आणि क्षीरसागर यांनी मध्य आणि पश्चिम भारतातल्या जीवाश्मांचं फ्लोरिन मोजलं. पण ही चाचणी वर्षं सांगत नाही. 'हे त्याच्यापेक्षा जुनं' एवढंच सांगते, आणि तेही एकाच जागच्या हाडांची तुलना केली तरच. एका नदीच्या पाण्यात फ्लोरिन जास्त, दुसरीच्या कमी, मग दोन गावांची हाडं तोलणार कशी?

म्हणून बोरीला जेव्हा राख सापडली तेव्हा केवढा आनंद झाला असेल! जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी बुद्रुक. १९८० च्या दशकात इथल्या काठात पुण्याच्या अभ्यासकांना एक फिकट, हलक्या, मऊ पुडीचा थर दिसला. ती ज्वालामुखीची राख निघाली. आणि त्याच परिसरात अश्युलियन हत्यारं होती, म्हणजे हातकुऱ्हाडी वगैरे. दख्खनचा लाव्हा कोट्यवधी वर्षांपूर्वीच थंड झालेला, म्हणजे ही राख दुसरीकडून उडत आलेली. राख सोन्यासारखी का? कारण ती काही दिवसांत पडते, सगळीकडे एकदम पडते, आणि तिचं वय प्रयोगशाळेत वर्षांत मोजता येतं. पोटॅशियमचा एक प्रकार संथपणे आर्गॉन वायूत बदलत जातो. उद्रेकात जुना आर्गॉन निघून जातो आणि घड्याळ शून्यावर येतं. नंतर साठलेला आर्गॉन मोजला की वय मिळतं.

पहिलं उत्तर आलं सुमारे १४ लाख वर्षं. विचार करा, पुणे जिल्ह्यातला माणूस १४ लाख वर्षांपूर्वीचा! भारतातल्या तेव्हाच्या सगळ्या अंदाजांच्या कितीतरी पुढे. १९९५ मध्ये आर्गॉन-आर्गॉन पद्धतीनं पुन्हा मोजलं तेव्हा उत्तर आलं सुमारे ६ लाख ७० हजार. वय अर्ध्यावर आलं, तरी अभिमान वाटावा असं. पण याच काळात दुसरा गट वेगळ्या वाटेनं निघाला होता. त्यांनी राखेतल्या काचकणांचं रसायन तपासलं. प्रत्येक उद्रेकाच्या काचेत मूलद्रव्यांचं प्रमाण वेगळं असतं, बोटांच्या ठशासारखं. बोरीचा ठसा जुळला तो सुमात्रातल्या टोबाशी, आणि १९९८ मध्ये वेस्टगेट आणि सहकाऱ्यांनी स्पष्ट म्हटलं की भारतीय द्वीपकल्पातली टोबाची सगळी राख एकाच, सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या, उद्रेकाची आहे.

१४ लाख, पावणेसात लाख, पाऊण लाख. एकच थर, एकच नदीकाठ.

गंमत म्हणून सांगत नाहीये. या तीन आकड्यांवर लोकांची आयुष्यभराची कामं उभी होती. पहिल्या बाजूचं म्हणणं सरळ होतं: ही हत्यारं घडणीनं जुनी दिसतात, ७५ हजार वर्षांपूर्वी असली हत्यारं कोण करेल? दुसरी बाजू म्हणे, मोजणीत गफलत होऊ शकते. सगळीकडे बेसॉल्टच, त्यामुळे राखेत जुन्या दगडाची चिमूटभर पूड मिसळली तरी वय फुगतं. मी भूवैज्ञानिक नाही. पण दोन्हीकडचं वाचून मला काचकणांचा पुरावा जड वाटतो. सगळ्यांनी तो मान्य केला असं नाही, वाद नंतरही चालू राहिला. मला मात्र वाटतं की भांडणात एक साधी गोष्ट मागे पडली: राखेचं वय म्हणजे हत्यारांचं वय नव्हे. नदीनं जुनी हत्यारं उकरून राखेजवळ आणली असतील तर दोन्ही आकडे खरे असू शकतात. आणि भारतात इतका जुना माणूस होता का, याचं उत्तर शेवटी दुसरीकडूनच आलं. तमिळनाडूत अत्तिरमपक्कमला शांती पप्पू आणि सहकाऱ्यांनी नीट उत्खननातल्या अश्युलियन हत्यारांचं वय सुमारे १५ लाख वर्षं असल्याचं २०११ मध्ये दाखवलं. बोरीनं जो आकडा सांगितला होता, जवळजवळ तोच! फक्त पुरावा वेगळा, जागा वेगळी.

वस्तू तिच्या जागी असणं म्हणजे काय, हे मला इनामगावनं शिकवलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ मध्ये हे गाव खणलं. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. लहान मुलं घराच्या जमिनीखाली पुरलेली, दोन रांजण तोंडाला तोंड लावून आडवे, आत बाळ. मोठ्या माणसांचे सांगाडे लांबवर निजवलेले आणि अनेकांना पावलं नाहीत, घोट्यापासून तोडलेली. मेलेला माणूस घर सोडून जाऊ नये, की परत येऊ नये? तर्क आहेत. पण कल्पना करा, त्यातलं नडगीचं एकच हाड कुणी काठावरून उचलून आणलं असतं. ते फक्त नडगीचं हाड राहिलं असतं. नसलेली पावलं फक्त सांगाडा जागेवर असतानाच दिसतात.

हे मी इतक्या ठासून सांगतेय कारण मीच तसं केलंय. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी सहलीत आम्ही घोडकाठी दोन ठिकाणी उतरलो. एका ठिकाणी काठाखाली मला एक दात मिळाला, रानटी बैलाचा असावा असा, गडद तपकिरी, हातात दगडासारखा जड. मी तो जॅकेटच्या खिशात टाकला. दुसऱ्या ठिकाणी आणखी तुकडे उचलले, तेही त्याच खिशात. होस्टेलवर येऊन सगळं पलंगावर ओतलं तेव्हा कुठलं कुठून ते मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी दात सरांना दाखवला. त्यांनी तो फिरवून पाहिला आणि विचारलं, "कुठला थर?" रागावले नाहीत. परत दिला एवढंच. तो दात आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे, चिठ्ठीसकट. चिठ्ठीवर तारीख आहे, नदीचं नाव आहे, आणि 'थर' या शब्दापुढे प्रश्नचिन्ह. फ्लोरिन मोजता येईल, पण कशाशी तोलू?

तर तो मुलगा. त्याच्याकडे चपलांचा एक रिकामा खोका होता आणि त्यात त्याची संपत्ती: साळिंदराचा काटा, दोन गारगोट्या, खाणीजवळची झिओलाइटची पांढरी सुयांसारखी जुडी आणि 'माणसाचं बोट'. बोट म्हणजे चुनखडीचा लांबट कंकर होता. झाडाच्या मुळाभोवती चुना साठतो, मूळ कुजतं, नळी उरते. अशी 'बोटं' मीसुद्धा दोनदा फसून उचललीत. एक करड्या रंगाचा, केसाळ, अंगठ्याएवढा गोळाही होता, जुन्या बंगल्याच्या आवारात मिळालेला. तो घुबडानं ओकून टाकलेला. आम्ही तो कागदावर काडीनं उकलला. आत दोन जबडे: एकाला नारिंगी मोठे पुढचे दात, म्हणजे उंदीर, दुसऱ्याला पांढरे बारीक टोकदार दात, म्हणजे चिचुंद्री. उत्खननात निघणारी उंदरा-चिचुंद्रीची बारीक हाडं बऱ्याचदा अशीच, घुबडाच्या पोटातून आलेली असतात, हे ऐकून त्याला हाडापेक्षा जास्त आनंद झाला.

"हे घरी नेऊ?" त्यानं नळीच्या हाडाबद्दल विचारलं. मी म्हटलं, काट्याचं सांगते, तो परत ठेव. वन्यप्राण्यांच्या अवयवांना कायदा लागू असतो. हाड गाईचं आहे, पण आपण एक करून बघू. आम्ही त्याच्या बुटाशेजारी हाड ठेवून फोटो काढला, फोनवरून जागेचे अक्षांश-रेखांश घेतले, ते कुठल्या बाजूला तोंड करून पडलं होतं ते त्यानं आठवून सांगितलं, आणि मग त्यानंच ते घाणेरीच्या जाळीत होतं तसं ठेवलं. भेगा किती वाढतात ते दर महिन्याला बघायचं ठरलं.

परवाच्या रविवारी आम्ही दोघं तिथं गेलो. जाळी होती, जमिनीवर हाडाचा ओला ठसाही होता. हाड नव्हतं. पाच-सहा फुटांवर कुत्र्याची ताजी पावलं होती, आणि उलट्या बाजूला एक नवा काटा. त्यानं वहीत दोन्ही लिहून घेतलं.